आठचं पान

इंजिन थंड असल्याशिवाय टॅपेटला हात लावायचा नाही. आमच्या धंद्यातला हा पहिला नियम, आणि घरी गाडी बघणाऱ्याला सगळ्यात जास्त वाद याच नियमावरून घालावे लागतात. माणूस मोटरसायकल चालवत येतो, म्हणजे इंजिन तापवूनच आणतो, आणि म्हणतो, काका, पाच मिनिटांचं तर काम आहे, आत्ताच बघून टाका. मी म्हणतो, शनिवारी संध्याकाळी गाडी ठेवून जा, रविवारी सकाळी बघतो. मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जनरेटरशेजारचा खांब त्यामुळे माझ्या नावानेच ओळखला जातो. मे महिन्यात दिल्लीची हवा रात्रीही निवत नाही, तेव्हा तर पहाटे साडेपाचलाच बसावं लागतं. सात वाजले की उभ्या गाडीचं इंजिनसुद्धा हाताला कोमट लागतं, आणि मग माप खरं येत नाही.

आपल्या मंडळाच्या अंकासाठी लिहायला सांगताना संपादकांनी मला मोटार उद्योगातल्या पस्तीस वर्षांवर लिहा म्हटलं होतं. पस्तीस वर्षांचं मला लिहिता येणार नाही. मी एका फटीबद्दल लिहितो.

इंजिनाच्या डोक्यात दोन व्हॉल्व असतात. एक पेट्रोल आणि हवा आत घेतो, दुसरा जळलेला धूर बाहेर सोडतो. एक छोटा लोखंडी हात त्यांना दाबून उघडतो, मिनिटाला हजारो वेळा. व्हॉल्व बंद असताना तो हात आणि व्हॉल्वचं टोक यांच्यात केसाएवढी फट ठेवायची असते, तिलाच टॅपेट लावणं म्हणतात, कारण लोखंड तापलं की वाढतं. इंजिन थंड असताना फट ठेवली नाही, तर तापल्यावर व्हॉल्वला पूर्ण मिटायला जागाच उरत नाही. दार किलकिलं राहतं, त्यातून आग निसटते आणि दाराची कड जळत जाते. मिलिमीटरचे शंभर भाग केले, तर आमच्या त्या इंजिनाला आत घेणाऱ्या बाजूला पाच भाग फट लागे आणि धुराच्या बाजूला आठ. कारखान्यात जोडणीच्या लाइनवर सगळे नुसतं ‘पाच’ आणि ‘आठ’ म्हणत. मोजायला पोलादाच्या पातळ पानांचा एक जुडगा असतो, चाकूसारखा उघडतो, त्याला फिलर म्हणतात. प्रत्येक पानावर त्याची जाडी कोरलेली असते. पान फटीत सरकवायचं आणि बोटांनी ओळखायचं. बस, एवढंच काम. एवढ्यावर माझं घर उभं राहिलं.

लोकांना यातली एक गोष्ट काही केल्या पटत नाही. फट जास्त झाली तर इंजिन टकटक वाजतं. ते कानाला त्रास देतं, पण बहुतेक वेळा एवढंच करतं. फट कमी झाली तर इंजिन गप्प होतं, छान चालल्यासारखं वाटतं आणि आतून जळत असतं. वाजणाऱ्या टॅपेटची काळजी थोडी कमी करावी. गप्प टॅपेटची करावी.

आमचे शेजारी शकील इनामदार मूळचे मिरजेचे, विमा कंपनीत अधिकारी. त्यांना आवाज सहन होत नाही. मी दोनदा फट बरोबर लावून दिली, तरी थोडी टकटक राहिलीच, जुन्या गाडीला राहते. तिसऱ्यांदा त्यांनी रस्त्यावरच्या एकाकडून ती पार बंद करून घेतली आणि मला ऐकवायला मुद्दाम गाडी खांबाजवळ आणली. म्हणाले, "ऐका, बिल्कुल आवाज नाही. याला म्हणतात हात." तीन महिन्यांनी नोएडाच्या पुलावर गाडी दुसऱ्या गिअरच्या वर चढेना. व्हॉल्व काढला तेव्हा त्याची कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसत होती. त्यांच्या बेगम तो हातात घेऊन म्हणाल्या, "घरात कुणी गप्प बसलं तर दहादा विचारता काय झालं म्हणून. गाडीला एकदा तरी विचारायचं होतं."

हे ऐकून मी हसलो होतो. पण मला तेव्हा रामफलजी आठवले, आणि खरं तर मला त्यांच्याविषयीच लिहायचं आहे.

माझे वडील बार्शीच्या मार्केट यार्डात मापाडी होते. घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. शाळेतल्या गणिताच्या बाईंनी फॉर्म भरला, वसतिगृहात जागा मिळाली, सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि मी मेकॅनिकलचा पदवीधर झालो. या प्रत्येकाचं माझ्यावर ऋण आहे, हे मी विसरलेलो नाही. नोकरी लागली ती मानेसरला, मोटरसायकलची इंजिनं जोडणाऱ्या कारखान्यात. इंजिनिअर म्हणून गेलो, पण पहिले सहा महिने लाइनवर उभं राहून शिकायचं होतं, आणि मला टॅपेटच्या जागेवर रामफलजींच्या हाताखाली दिलं.

ते जवळच्याच एका गावातले, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. माझं आडनाव त्यांना कधी उच्चारता आलं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नाव ‘मराठे’ करून टाकलं. म्हणाले, "आँख बंद कर, मराठे. झिर्री आँख से नहीं दिखती." आणि माझ्या बोटांत आठचं पान दिलं. अडकलं तर फट कमी, सुळकन गेलं तर जास्त. "ना फँसे, ना फिसले," एवढाच त्यांचा धडा. पंधरा दिवस मी दुसरं काही केलं नाही. मग एके सकाळी ते बोटांना कळलं. शाळेत वहीच्या पानांमध्ये ठेवलेलं पिंपळाचं पान हळूच ओढून काढताना जशी किंचित धरून ठेवल्याची जाणीव होते, तशी. मी डोळे उघडले तर ते माझ्याकडेच बघत होते. कळलं का, असं काही विचारलं नाही. पुढचं इंजिन माझ्यासमोर सरकवलं.

चूक झाली की ते सगळ्यांसमोर सांगत. फट मोजताना इंजिन एका ठरावीक जागी फिरवून आणायचं असतं. इंजिनाच्या आतल्या चाकावर तशी खूण असते, पण ती खूण दोनदा समोर येते आणि त्यातली एकच वेळ खरी असते. दुसऱ्या वेळी व्हॉल्व थोडे उघडे असतात. मी एकदा अख्खा तासभर चुकीच्या खुणेवर फटी लावल्या. रामफलजींनी लाइन थांबवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "इंजीनियर साहब ने दरवाज़ा खुला छोड़के चौखट नापी है." सगळी लाइन हसली. माझे कान तापले. मग ते माझ्याबरोबर उभे राहिले आणि ती सगळी इंजिनं आम्ही दोघांनी पुन्हा लावली. विषय तिथेच संपला. वर कुणाला त्यांनी तो कधी सांगितला नाही.

पुढे मी क्वालिटीत गेलो, लग्न झालं, बदलीची भीती संपली. रामफलजी त्याच जागेवर होते. दुपारी कँटीनमध्ये आम्ही एकाच टेबलावर बसत असू. ते घरून बाजरीची रोटी आणि ताक आणत आणि माझ्या ताटातली भाजी निवडून बाजूला काढत. "इसमें नमक ही नहीं है, मराठे, तेरी कंपनी जैसी."

अशी दहा वर्षं गेली आणि तक्रारी येऊ लागल्या. काही गाड्या सकाळी सुरूच होत नव्हत्या. उघडून पाहिल्या तर धुराच्या बाजूची फट कमी. वरिष्ठांनी मला बोलावलं. फट लावणारं यंत्र घ्यायचं त्यांच्या मनात होतंच, त्यासाठी त्यांना कागद हवा होता. मला सांगितलं की पहिली पाळी सुटली की रामफलच्या हातची इंजिनं पुन्हा मोज, आणि लाइनवर कुणाला कळू देऊ नकोस, कळलं तर तो हात सांभाळून काम करील.

मी मोजली. कित्येक आठवडे दुपारी त्यांच्याबरोबर जेवलो, आणि पाळी सुटून कंपनीची बस त्यांना घेऊन गेली की त्यांनी लावलेल्या फटींमध्ये पान घालून बघितलं. पाळीच्या सुरुवातीची इंजिनं अचूक असत. शेवटच्या तासातली कमी भरत. पान अडकायचं. त्यांना ते अडकलेलं जाणवत नव्हतं.

मी अहवाल लिहिला. त्यात त्यांचं नाव कुठेही नव्हतं, सगळीकडे ‘ऑपरेटर’ असं होतं. पण त्या जागेवर एकच ऑपरेटर होता. लिहिताना मला वडिलांचं वाक्य आठवत होतं की माप देताना माणसाकडे बघायचं नाही, मापाकडे बघायचं. त्या वाक्याचा मी आधार घेतला. यंत्र आलं. रामफलजींना पॅकिंगला पाठवलं आणि वर्षाभरात त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. मला बढती मिळाली.

जाताना ते माझ्या टेबलाशी आले. मी उभा राहिलो. काही बोलावं म्हणून मी तब्येतीचं विचारलं. ते म्हणाले, "सब बढ़िया, साहब." इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच साहब म्हटलं, थट्टा न करता.

हे मी बायकोला, मंगलला, सांगितलं होतं. ती म्हणाली, तुम्ही खोटं तर काही लिहिलं नाही ना? नव्हतं लिहिलं. मला त्या उत्तराने बरीच वर्षं झोप लागत असे.

दोन उन्हाळ्यांपूर्वी त्यांचा फोन आला. नंबर जुन्या कुणाकडून तरी मिळवला होता. म्हणाले, साहब, आपण घरी गाड्या बघता असं ऐकलं, माझी जरा बघाल का. मी म्हटलं, मीच येतो मानेसरला. ते म्हणाले, नाही, गाडी आणतो. शनिवारी दुपारी, त्या उन्हात, एकोणसत्तर वर्षांचा माणूस अर्धी दिल्ली ओलांडून मोटरसायकलवर आला. वाटेत गाडी तीनदा बंद पडली म्हणाले.

वर येऊन बसले तेव्हा मंगलच्या लक्षात आलं की त्यांच्या एका पायात चप्पल नाही. पार्किंगमध्येच गळून पडली होती. गार्ड ती घेऊन वर आला तेव्हा ते पायाकडे बघत म्हणाले, "शुगर है, बहनजी. पैर को पता नहीं चलता." मंगलने सरबताऐवजी त्यांना ताक दिलं.

इंजिन निवायला रात्र जाणार होती, म्हणून ते राहिले. त्या संध्याकाळी ते मोकळेपणाने बोलले, पण मला साहबच म्हणत होते. घरापुढे एक फळी टाकून ते गाड्यांची कामं करत होते. त्यांच्या गल्लीत कारखान्यात जाणारी मुलं भाड्याने राहतात, त्यांच्या गाड्या. सुट्टीच्या दिवशी रांग लागते म्हणाले. आमची मुलगी प्राची गुडगावला कंपनीत आहे, तिला त्यांनी फटीचं सगळं समजावून सांगितलं, माझ्याहून चांगलं. मग बोलता बोलता म्हणाले की एका मुलाच्या गाडीचा व्हॉल्व जळला, मग आणखी एकाचा. "आजकल का पेट्रोल ही ऐसा है, साहब." मी मान हलवली. त्यांची नजर माझ्यावर जरा जास्तच वेळ थांबली, असं मला नंतर वाटलं.

सकाळी साडेपाचला आम्ही खाली गेलो. प्राचीही आली. मी टाकीखालची दोन्ही झाकणं उघडली, इंजिन खुणेवर आणलं, खरी खूण आहे ना हे बघितलं. पाचचं पान आतल्या बाजूला गेलं. आठचं पान धुराच्या बाजूला लावलं, गेलं नाही. पाचचं लावून बघितलं, तेही गेलं नाही. तिथे फट उरलीच नव्हती.

"किसने सेट किया था?" मी विचारलं, उत्तर ठाऊक असून.

"मैंने. पिछले महीने. कितना है?"

मी त्या वेळी काय काय विचार केला ते खरं सांगतो. थोडंसं कमी आहे म्हणावं, फट नीट करून द्यावी, चहा पाजून पाठवावं. ही एक गाडी सुधारली असती. पण रविवारी त्यांच्या दारात रांग लागणार होती, आणि रांगेतल्या प्रत्येक गाडीवर कुणीतरी कामाला जाणार होतं. आणि खरं सांगितलं, तर मी या माणसाच्या हातातलं काम दुसऱ्यांदा काढून घेणार होतो.

तेवढ्यात त्यांनीच माझ्या हातातून फिलर घेतला. आठचं पान वेगळं केलं, डोळे मिटले आणि पान पुढे सरकवलं. पान फटीच्या तोंडाशी अडलं आणि धनुष्यासारखं वाकलं. ते ढकलत राहिले. पान आणखी वाकलं.

"जा तो रहा है," ते म्हणाले.

प्राचीने माझ्याकडे बघितलं. मला बार्शीच्या यार्डातले वडील दिसले. पोत्याशी उभे राहून पहिल्या मापाला ‘एक’ऐवजी शुभ म्हणून ‘लाभ’ म्हणणारे, मग दोन, मग तीन, विकणारा आणि घेणारा दोघांनाही ऐकू जाईल अशा खड्या आवाजात. त्यांचं ते वाक्य मी निम्मंच लक्षात ठेवलं होतं. माणसाकडे न बघता मोजत ते खरं, पण माणसासमोर मोजत, आणि ओरडून मोजत. माणूस घरी गेल्यावर त्याचं पोतं त्यांनी कधी उघडलं नव्हतं.

मी म्हटलं, "नहीं जा रहा, रामफलजी. मुड़ रहा है. आपकी उंगलियों को पता नहीं चल रहा."

त्यांनी डोळे उघडले. वाकलेल्या पानाकडे बघितलं. मग ते हळूच बाहेर काढून, बोटांनी सरळ करून, बाकीच्या पानांत मिटवलं. त्याला बराच वेळ लागला. जुडगा माझ्या हातात देत ते म्हणाले,

"उस दिन भी ऐसे ही बोल देता, मराठे."

ते खांबाला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, चल, लाव आता. मी लावली. नट घट्ट करताना फट थोडी सरकते, म्हणून पुन्हा तपासली. गाडी पहिल्या किकला सुरू झाली. त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवली, जसं लाइनवर टेकवत, आणि बराच वेळ ऐकत राहिले.

"बज रहा है?" त्यांनी मला विचारलं.

"थोड़ा-सा."

"बजने दे."

ते गेले. मला पुन्हा भेटायचं आहे असं मी म्हटलं, या की कधीही, असं ते म्हणाले. दिवाळीच्या सुमारास मी त्यांच्या घरी गेलो. दारापुढची फळी नव्हती. सून म्हणाली, बाबूजींनी काम बंद केलं, मे महिन्यातच, अचानक, आलेल्या गाड्याही परत पाठवल्या. ते कट्ट्यावर बसले होते. आम्ही चहा प्यायलो, मग जेवलो. मला ते मराठे म्हणाले, भाजीत मीठ कमी असल्याची तक्रार केली, सगळं पूर्वीसारखं केलं. त्यांचे हात मात्र सारखे मांडीवर पडून होते, आणि ते त्यांच्याकडे बघत नव्हते. माझं मोजमाप दोन्ही वेळा बरोबर होतं. या वेळी मी ते तोंडावर सांगितलं, एवढाच फरक. त्या फरकाने त्यांच्या दिवसांत काय भरून निघालं, ते मला अजून माहीत नाही. गेल्या थंडीत ते वारले. मला तेराव्याला कळलं.

तेव्हापासून आमच्याकडे एक पद्धत आहे. रविवारी मी फट लावली की प्राची ती पुन्हा मोजते, मी तिथे उभा असताना, आणि आकडा मोठ्याने सांगते. तिला मी ‘लाभ’ शब्द सांगितला होता. दिल्लीत वाढलेली पोर, तिला वाटलं मी थट्टा करतोय. पण म्हणते. आत घेणाऱ्या बाजूचं माप पहिलं, म्हणून तिथे पाचऐवजी लाभ, धुराच्या बाजूला आठ. पार्किंगमधली माणसं हसतात, इनामदार तर मुद्दाम गॅलरीतून विचारतात, आज लाभ झाला का.

गेल्या रविवारी ती इनामदारांच्याच गाडीवर वाकली होती. आठचं पान घेऊन तिने एकदा बघितलं, पुन्हा बघितलं. मग ताठ उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बाबा, हा टाइट आहे. जात नाहीये."

मी पान मागून घेतलं. डोळे मिटले आणि सरकवून बघितलं.

मला ते बरोबर वाटत होतं.